नवा पाइप बसवला आणि इंजिनचा पिवळा दिवा लागला: कुठून सुरुवात करायची?

नवा एक्झॉस्ट पाइप, म्हणजे इंजिनचा धूर मागे नेणारा पाइप, बसवून गाडी घरी आणली. दोन दिवस आवाजावर खूश होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू केली तर बोनेटखालून शिवणयंत्रासारखं टिक-टिक-टिक. पाच मिनिटांत इंजिन तापलं आणि आवाज गायब! म्हटलं, नवीन आहे, बसेल हळूहळू. संध्याकाळी डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा.

माझ्या १.२ लिटर टर्बो पेट्रोल हॅचबॅकची ही गोष्ट. पुढे मी जे केलं ते बहुतेक जण करतात, म्हणून आधीच सांगतो: मी ऑक्सिजन सेन्सर बदलला. हजारांत पैसे गेले आणि दिवा चौथ्या दिवशी परत हजर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दोष सेन्सरमध्ये नव्हताच, तो खालच्या एका जोडात होता आणि तिथल्या पॅकिंगची किंमत काही शेकड्यांत होती.

खालचं सगळं पेट्रोल गाड्यांसाठी आणि पहिल्यांदाच अशा कामात पडणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. डिझेलबद्दल शेवटाकडे थोडं येईल.

दिवा नेमका कशाला लागतो

एवढं समजलं की पुढची निम्मी शोधाशोध वाचते. साध्या चार सिलिंडर गाडीत ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते सांगणारे सेन्सर, दोन असतात. एक धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे गॅरेजच्या भाषेत कॅटच्या, आधी आणि दुसरा कॅटच्या नंतर. पहिल्याच्या सांगण्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल कमी-जास्त करतो. वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, या प्रमाणाभोवती त्याची धडपड चाललेली असते. दुसरा सेन्सर कॅट नीट काम करतोय का, एवढ्यावरच नजर ठेवतो.

नवख्यांचा घोळ इथे होतो. गळती म्हणजे धूर बाहेर येणार, एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण एक्झॉस्टमधला वायू नळाच्या पाण्यासारखा सलग वाहत नाही, तो धक्क्याधक्क्याने येतो. प्रत्येक धक्क्यामागे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि फटीतून हवा आत ओढली जाते. फट पहिल्या सेन्सरच्या आधी किंवा अगदी जवळ असेल तर सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त झाला, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवतो. इंजिन खरं तर ठीक चाललेलं असतं, आता ते उगाच जास्त पिऊ लागतं. वाढवून वाढवून मर्यादा संपली की ईसीयूत दोषाचा कोड पडतो: पी ०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी.

फट दुसऱ्या सेन्सरच्या आसपास असेल तर कॅट काम करत नाही असा गैरसमज होऊन पी ०४२० पडू शकतो. कॅटच्या मागे बऱ्याच अंतरावर, मफलरजवळ, म्हणजे सायलेन्सरच्या डब्याजवळ, गळती असेल तर दिवा बहुधा लागतच नाही, फक्त फुरफुर ऐकू येते. म्हणजे दिवा लागला आहे की नाही, यावरूनच शोध पुढच्या अर्ध्या भागात घ्यायचा की मागच्या, याचा अंदाज येतो.

पहिलं काम: कोड वाचा, पुसू नका

स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट, म्हणजे ईसीयूतले कोड वाचायची जागा, असते. त्यात बसणारं ब्लूटूथ डोंगल आणि फोनवरचं एखादं ॲप घरच्या कामाला पुरतं. कोड दिसला की आधी त्याचा फोटो काढा. सोबत फ्रीझ फ्रेम असेल, म्हणजे कोड पडला तेव्हा इंजिन किती तापलं होतं, आरपीएम किती होता, ही नोंद. तिचाही फोटो काढा. कोड पुसला की ही नोंद जाते आणि मेकॅनिककडे गेल्यावर तुमच्याकडे सांगायला फक्त "साहेब, दिवा लागला होता" एवढंच उरतं.

पाइपच्या कामानंतर नेहमी भेटणारे कोड थोडेच आहेत. पी ०१७१ आणि पी ०४२० वर आलेच. पी ०१३५ म्हणजे पहिल्या सेन्सरचं हीटर सर्किट, पी ०१४१ म्हणजे दुसऱ्याचं. हे दोन गळतीमुळे पडत नाहीत. वायर वितळली, कनेक्टर नीट बसला नाही किंवा फ्यूज उडाला, यातलं काहीतरी झालेलं असतं. टर्बो गाडीत पी ०२९९, म्हणजे टर्बोचा दाब (बूस्ट) कमी, पडला आणि पिकअपही गेला तर टर्बोच्या आधीचा जोड पहिल्यांदा बघा, कारण टर्बाइन फिरवणारा वायूच वाटेत निसटतोय. अर्थात बूस्टच्या होजमधली गळतीही हाच कोड देते.

एक अपवाद पक्का ध्यानात ठेवा. दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल आणि गाडी मिसिंग मारत असेल, तर ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि कॅट आतून वितळतो. मिसिंगचं काम पाइपच्या आधी करायचं.

गळती शोधा, तीही गार गाडीत

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत शोधायला सुरुवात करा. तापलेला धातू फुगतो आणि बारीक फट आपोआप मिटते, म्हणून सकाळची टिकटिक दुपारी मेकॅनिकला ऐकवता येत नाही. आणि हे काम उघड्यावर करायचं. बेसमेंट पार्किंगमध्ये नाही, शटर अर्धं ओढलेल्या गॅरेजमध्येही नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. गाडीखाली झोपून काम करायचं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका, स्टँड लावा किंवा ओळखीच्या गॅरेजचा रॅम्प तासभर मागून घ्या.

आधी इंजिन बंद ठेवून नुसतं बघा. जोडाभोवती काजळीचा काळा पिसारा दिसला तर शोध तिथेच संपला. नव्या चकचकीत स्टीलवर तो लगेच दिसतो. जुन्या गंजलेल्या फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या बोल्ट लावायच्या चपट्या कडेवर, मात्र टॉर्च तिरकी धरून बघावं लागतं.

काही दिसलं नाही तर साबणाचं पाणी. ब्लोअरची सोय असलेला व्हॅक्युम क्लीनर घ्या, त्याचं तोंड टेलपाइपला लावून भोवती चिंधी गुंडाळा. गाडी बंद आणि गार. आता स्प्रेच्या बाटलीतून प्रत्येक जोडावर, प्रत्येक वेल्डवर आणि सेन्सरच्या बुडाशी साबणपाणी मारा. जिथे फेस फुगेल तिथे गळती. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो ना, तेच हे, फक्त उलटं. या पद्धतीने मला माझी फट दहा मिनिटांत सापडली. त्याआधी सेन्सरवर दोन आठवडे घालवले होते.

ब्लोअर नसेल तर गार गाडी चालू करा. हातमोजा घालून जाड फडक्याने टेलपाइपचं तोंड दोन-तीन सेकंदच अर्धवट दाबा. आतला दाब वाढतो आणि फटीचा आवाज मोठा होतो. जोडीदाराने रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं जोडांजवळून फिरवायचं. हात मात्र पाइपला लावू नका, मॅनिफोल्डजवळचा, म्हणजे इंजिनाला अगदी लागून असलेला, पत्रा मिनिटाभरात चटका देण्याइतका तापतो.

आणखी एक गंमत. मफलरच्या बुडाला बारीक भोक दिसलं आणि त्यातून पाणी ठिबकत असेल तर ते भोक बहुतेक वेळा मुद्दामच ठेवलेलं असतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटरभर पाणी तयार होतं. त्यातलं थोडं गार मफलरमध्ये साठतं, त्याला वाट हवी. मी ते भोक एम-सीलने बुजवलं होतं. हसू नका.

जोड उघडणं आणि परत बसवणं

जुने नट सरळ पाना लावून ओढू नका, स्टड तुटला की एका दिवसाचं काम तीन दिवसांचं होतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी आधी किंचित घट्ट करायच्या दिशेला, मग सैल करायच्या दिशेला, असं मागेपुढे करत काढा. आटे गेलेला नट परत वापरू नका.

जोड उघडला की गॅस्केट, म्हणजे जोडातलं पॅकिंग, नवीन टाकायचंच. जुनं 'अजून चांगलं दिसतंय' म्हणून परत टाकणं ही या कामातली सर्वात महाग काटकसर. गॅस्केट एकदा दबून त्या दोन फ्लँजच्या खाचाखोचांत बसलेलं असतं, दुसऱ्यांदा ते तसंच बसत नाही. फ्लँजवर चिकटलेले जुन्या गॅस्केटचे तुकडे खरवडून काढा. नव्या गॅस्केटचं भोक पाइपच्या भोकाशी जुळतंय का तेही बघा. पाइप मोठ्या व्यासाचा घेतला असेल तर गॅस्केटची कड आत डोकावते आणि काही दिवसांत जळून जाते.

मी नवं गॅस्केट टाकलं तरी गळती राहिली. शेवटी डाऊनपाइप, म्हणजे इंजिनाकडून खाली येणारा पुढचा पाइप, उतरवून कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्या काकांकडे नेला. त्यांनी फ्लँजकडे नुसतं बघितलं, शेजारच्या टेबलावर एक जाड काच होती तिच्यावर ती पालथी ठेवली आणि एका कोपऱ्यावर बोट दाबलं. टक. दुसऱ्या कोपऱ्यावर दाबलं. टक. खिळखिळ्या स्टुलासारखी फ्लँज डुलत होती. "पावणं, पॅकिंग काय करणार हो? पत्राच वाकडा हाय," म्हणाले. वेल्डिंग करताना फ्लँज घट्ट बांधून न ठेवल्यामुळे उष्णतेने ती वाकली होती. त्यांनी ती घासून सपाट करून दिली, आणि हातात देताना परत एकदा काचेवर ठेवून दाखवली. ती काचेची परीक्षा तुम्ही घरीसुद्धा करू शकता. नवा पाइप विकत घेतानाच करा, दुकानात.

बसवताना बहुतेकांची चूक एकच होते: पहिला जोड पूर्ण आवळायचा, मग दुसरा, मग तिसरा. शेवटच्या जोडापाशी पाइप बोटभर बाजूला आलेला असतो आणि मग तो ओढून-ताणून बसवला जातो. तो ताण कुठल्या तरी जोडात किंवा वेल्डमध्ये फट पाडतोच. त्याऐवजी सगळे जोड हाताने सैल लावा, सगळे रबर हँगर अडकवा, पाइप हलवून बघा. हीटशील्ड, ॲक्सल, बंपर, इंधनाची नळी, कशालाच लागता कामा नये, निदान बोटभर अंतर हवं. इंजिन रेस केल्यावर झोका घेतं हे विसरू नका. सगळं सरळ बसलं की इंजिनाच्या बाजूने मागे आवळत या. एका फ्लँजचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे. टॉर्क किती द्यायचा ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, मेकॅनिकच्या मनगटातून नको.

एक पाइप दुसऱ्यात सरकवून केलेला जोड असेल तर दोन्ही पाइप निदान ४०-५० मिलिमीटर एकमेकांत गेलेले असावेत. यू-क्लॅम्प स्वस्त पडतो, पण तो पाइपला चिमटा काढल्यासारखा दाबतो. पुन्हा सोडवायची वेळ आली की पाइप निघत नाही. रुंद पट्ट्याचा बँड क्लॅम्प घ्या.

पेस्ट, सिलिकॉन, वेल्डिंग

एक्झॉस्ट पेस्ट हा मागच्या, सेन्सरनंतरच्या सरकत्या जोडासाठी ठीक उपाय आहे. पुढच्या भागात नको, आणि वाकड्या फ्लँजवर तर मुळीच नको. ट्यूबमधून मिळणारं साधं आरटीव्ही सिलिकॉन सीलंट सेन्सरच्या आधी कुठेही वापरू नका. त्यातून निघणारी वाफ सेन्सरच्या टोकावर थर धरते आणि चांगला सेन्सर मारते. मग तुम्ही खरोखरच सेन्सर बदलायला मोकळे.

वेल्ड फुटलं असेल तर स्टेनलेस स्टीलला आर्गॉन वेल्डिंगच करून घ्या. आणि पाइप गाडीवरून उतरवून करा. उतरवणं शक्यच नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि वेल्डिंगची अर्थिंगची वायर कामाच्या अगदी जवळ लावायला सांगा. "काही होत नाही ओ," असं उत्तर येईल. ईसीयूची किंमत विचारा आणि मग वायर काढायला लावा.

आता सेन्सरकडे वळा

जोड बंद झाले तरी दिवा येत असेल तरच इकडे या. आधी वायर बघा. नव्या पाइपचा आकार वेगळा असतो, सेन्सरची वायर पाइपला टेकते आणि तिचं वरचं कव्हर वितळतं. पी ०१३५ किंवा पी ०१४१ असेल तर दहापैकी आठ वेळा मी इथेच बोट ठेवेन. दोन सेन्सरचे कनेक्टर सारखे असतील तर अदलाबदल झाली नाही ना, तेही तपासा.

वायर लांबवायची झाली तर तोडून डाग देण्याऐवजी तयार एक्स्टेन्शन घ्या. बऱ्याच ऑक्सिजन सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरींच्या आतल्या बारीक पोकळीतून मिळते. डाग देऊन ती वाट बुजली की सेन्सर चुकीचं सांगू लागतो. कनेक्टरमध्ये ग्रीस आणि स्प्रेही याच कारणाने टाळा.

सेन्सर काढायला २२ मिलिमीटरची, बाजूने खाच असलेली खास गोटी, म्हणजे सॉकेट पाना, मिळते. बहुतेक सेन्सरचे आटे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि १.५ पिचचे असतात, आवळण्याचा टॉर्क साधारण ४० ते ५० न्यूटन मीटर. नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुधा अँटिसीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारं वंगण, लावलेलंच असतं. जुना परत लावताना थोडंसं आट्यांना लावा, टोकाला अजिबात लागू देऊ नका. नव्या पाइपवरचं सेन्सरचं बसकं खालच्या बाजूला असेल तर तो पाइप घेऊच नका. सेन्सरची वायरकडची बाजू आडव्या रेषेच्या किमान १० अंश वर हवी, नाहीतर साठलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर पडतं आणि ते तडकतं.

आकडे बघून खात्री करा

ॲपमध्ये लाइव्ह डेटा उघडा. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने पेट्रोल किती टक्के वाढवलं किंवा कमी केलं तो आकडा, शून्याच्या आसपास असावा. अधिक १० टक्क्यांच्या वर जाऊन बसला असेल तर कुठेतरी हवा शिरतेय. आयडलला जास्त आणि २५०० आरपीएमला कमी दिसत असेल तर गळतीचा संशय आणखी वाढतो. पण ती इनटेकच्या बाजूलाही असू शकते, तेव्हा काम करताना एखादी व्हॅक्युम नळी निसटली नाही ना ते बघून घ्या.

दुसरा सेन्सर साधारण ०.६ ते ०.८ व्होल्टवर शांत बसलेला दिसला तर कॅट ठीक आहे. तो सारखा ०.१ आणि ०.९ च्या मध्ये उड्या मारत असेल तर एकतर गळती, नाहीतर कॅट गेलेला. अलीकडच्या गाड्यांत पहिला सेन्सर वाइडबँड असतो. त्याचा आकडा व्होल्टच्या या हिशेबात बसत नाही, तिथे लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा (१ म्हणजे बरोबर), बघायचा.

आता कोड पुसा. पुसल्यावर ईसीयूच्या तपासण्या नव्याने सुरू होतात, त्या पूर्ण व्हायला थोडं शहरातलं, थोडं हायवेवरचं एकसारखं चालवणं लागतं. ॲपमध्ये रेडीनेसच्या, म्हणजे या तपासण्यांच्या, यादीत कॅट आणि ऑक्सिजन सेन्सर पूर्ण दिसेपर्यंत काम झालं असं समजू नका. १००-१५० किलोमीटर झाल्यावर गाडी गार असताना सगळे बोल्ट एकदा परत तपासा. गॅस्केट तापून-निवून दबतं आणि बोल्ट थोडे सैल होतात.

'स्पेसर लावून देतो' असं कुणी म्हटलं तर

मिळेल तिथे हा सल्ला मिळतो. दुसरा सेन्सर एका नळकांड्यावर चढवून वायूपासून लांब ठेवायचा, किंवा सॉफ्टवेअरमध्ये तो कोडच बंद करायचा. कॅट काढून टाकलेल्या पाइपवर पी ०४२० आला तर तो कोड खरंच बोलतोय, त्याचं तोंड बंद करून कॅट परत येत नाही. गळती असेल तर ती मात्र झाकली जाते.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये गाडीमालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. आवाज आणि धुराच्या नियमांसाठी कलम १९० वेगळं, पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड. बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. नवख्याला माझं सांगणं एवढंच: कॅटला हात लावू नका, बदलायचाच असेल तर कॅटच्या मागचा पाइप बदला, आवाज मर्यादेत ठेवा आणि मूळ पाइप विकू नका.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात. तिथे डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारं फिल्टर), तापमानाचे सेन्सर आणि डीपीएफच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणाऱ्या दोन बारीक नळ्या असतात. पाइपचं काम करताना त्या नळ्या उलटसुलट लागल्या किंवा चिरल्या की दिवा लागतो. आधी त्या बघा, बाकीचं नंतर. डीपीएफ काढून टाकायचा सल्ला ऐकू नका.

सगळं झाल्यावर मी पीयूसीला गेलो. वाढवलेल्या आरपीएमवर लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. मशिनवर आला १.०६. पोटात गोळा. डोंगलवर ट्रिम तर व्यवस्थित होता! मग ट्यूब पेटली: टेलपाइपच्या टोकाचा क्लॅम्प मी नीट आवळलाच नव्हता. तिथे ईसीयूला काही कळत नाही, पण मशिनच्या नळीत बाहेरची हवा मिसळते. पीयूसीवाल्या पोराकडून १३ चा पाना मागून घेतला, खाली वाकून क्लॅम्प दोन आटे आवळला आणि परत नळी घालायला सांगितली. १.०१.